नावाची ओळ

धनेशच्या नावाची ओळ काढा, एवढंच कोड तपासणाऱ्या त्या फिनलंडच्या बाईंचं म्हणणं होतं. शब्द गोड होते. धनेश गेल्याचं फार वाईट वाटलं, असंही त्यांनी आधी लिहिलं होतं. पण ती ओळ आहे तोवर कोड आत घेता येणार नाही, हे शेवटी होतंच. वाचून ऋताच्या डोक्यात तिडीक गेली.

काळाचौकीला धनेशच्या घरी ती कॉटवर मांडी घालून बसली होती, मांडीवर लॅपटॉप. दुपारपासून वाकून वाकून पाठ भरून आली होती. समोर धनेशची कॉम्प्युटरवर बसायची, ऑफिसात असते तसली चाकांची खुर्ची रिकामीच होती. चाळीतली खोली ती केवढी. मोरीकडे जाताना त्या खुर्चीला वळसा घालावा लागे. पण धनेश गेला त्या दिवसापासून तिच्यावर कोणी बसलं नव्हतं. त्याच्या आईने, बकुळाकाकींनी, आपली एक जुनी साडी तिच्यावर पांघरली होती. वडील, गुणाजी, पेपर घेऊन जमिनीवर बसत. साडीच्या काठाखालून पाठीवरचं 'धनेश' डोकावत होतं. गणपतीत मंडळाची पोरं घराघरांतल्या खुर्च्या उचलून नेत, त्या परत मिळाव्यात म्हणून गुणाजींनीच ते पांढऱ्या ऑइलपेंटने रंगवलं होतं.

"काय म्हणता गो ती?" चहाचा कप पुढे ठेवत काकींनी विचारलं.

ऋताने सांगितलं. धनेशचं हे काम काकींना थोडंफार ठाऊक होतं. वेबसाइटी ज्याच्यावर उभ्या करतात असा एक आयता सांगाडा जगभरची माणसं मिळून लिहीत होती, कोणी कोणाकडून छदाम न घेता. धनेश त्यांतला एक. एकदा काकींचा ऑनलाइन फॉर्म शेवटच्या पानावर नेट गेल्याने सगळाच्या सगळा पुसला गेला आणि त्या रडकुंडीला आल्या. भरलेलं असं पुसलं जाऊ नये, याची सोय त्याने त्याच दिवशी लिहायला घेतली होती. ती अर्धी राहिली. उरलेली ऋताने पुरी केली आणि वर एक ओळ टाकली, की हे धनेशने लिहिलं. ती ओळ काकींना दाखवायलाच ती आज दादरहून आली होती.

नावाखेरीज दुसऱ्या चुकाही बाईंनी काढल्या होत्या. ओळी फार लांब. कोडातली नावं अर्धवट तोडून लिहिलेली. टिपेत 'आम्ही असं केलं' म्हटलेलं. तिथे 'आम्ही' चालत नाही, जे घडतं तेवढंच लिहायचं. काय हा सोवळेपणा, असं पुटपुटत ऋता एकेक दुरुस्त करत गेली आणि मध्येच थांबली. सगळ्या खुणा तिच्याच ओळींवर होत्या. धनेशच्या ओळींवर एकही नव्हती.

मग तिने ती फाइल वरपासून वाचली. कुठकुठल्या देशांतली, एकमेकांची तोंडंही न पाहिलेली माणसं, आणि सगळं कसं एका हाताने सावकाश बसून लिहिल्यासारखं. त्यात धनेशचं कुठलं, ते तिलासुद्धा शोधावं लागलं. तिला त्याचा फार अभिमान वाटला.

काकींना मात्र हे काही पटेना. भांड्यावरसुद्धा आपण नाव घालतो, एक ओळ राहिली तर त्यांचं काय जातंय, असं त्यांचं म्हणणं. मदत करणाऱ्या सगळ्यांची नावं वेगळीकडे एकत्र ठेवलेली आहेत, त्यात धनेशही आहे, असं ऋताने समजावलं. पण एवढ्या नावांत माझ्या पोराला कोण शोधणार, असं काकींनी विचारलं. ऋताने लॅपटॉप मिटला. ओळ काढायची नाही, काम बाहेर राहिलं तर राहू दे, असं तिने जाहीर करून टाकलं.

काकी तिच्याजवळ कॉटवर येऊन बसल्या.

"धनेश असतो तर काय म्हणालो असतो?"

हाच प्रश्न ऋता दुपारपासून टाळत होती. तिची आणि धनेशची ओळख भांडणातूनच झाली होती. आपल्या पहिल्यावहिल्या कोडावर तिने ऐटीत स्वतःचं नाव घातलं होतं आणि कोणा खडूसाने ते काढायला लावलं होतं. दोन दिवस लिहून लिहून भांडल्यावर तिला कळलं, की खडूस काळाचौकीतच राहतो.

"माझं नाव त्यानेच काढायला लावलं होतं, काकी," ती म्हणाली. "म्हणाला, नाव लिहिलं की पुढचा माणूस त्या ओळीला हात लावायला कचरतो. आणि हात लागायचा थांबला, की ते काम तिथेच संपतं."

बाहेर गॅलरीत कोणाची तरी कुकरची शिट्टी झाली. काकींनी पदराने डोळे पुसले.

"काढ," त्या म्हणाल्या.

ऋताने लॅपटॉप उघडला आणि ती ओळ पुसली. खालच्या सगळ्या ओळी एक घर वर सरकल्या. आपल्या चुकांच्या खुणा अजून बाकी होत्या, म्हणून तिने पाठ जरा ताणली आणि पुन्हा वाकून बसली.

काकी उठल्या. त्यांनी खुर्चीवरची साडी ओढली, नीट घडी करून कपाटात ठेवली. मग खुर्ची ढकलत कॉटपाशी आणली. चाकं इतक्या दिवसांनी फिरली, ती करकरली.

"हेच्यार बस," त्या म्हणाल्या. "आणि खाली दांडो आसा बघ. उंची तुका होयी तशी करून घे."