जादा ठोका

"आज तो दुसरा ठोका दिसता कामा नये," साहेब म्हणाले. "नाहीतर कोटिंग खात्याला कुलूप. मास्तर, हे मी प्रेमानं सांगतोय."

साहेब सगळंच प्रेमानं सांगत. आधीचे दोन मास्तर त्यांनी प्रेमानंच घरी पाठवले होते.

कोटिंग मास्तर नव्या ताग्यातून पट्टा कापू लागला. कापडावर ग्राफीनचा काळा लेप चढवून त्यातून वीज खेळवायला शिकण्यात त्याची सहा वर्षं आणि घरातले सगळे पांढरे शर्ट खर्ची पडले होते. त्या कापडाचा पट्टा पोटावर बांधला की हृदयाचे ठोके पडद्यावर उमटत. पट्टा दरवेळी एकाच माणसानं बांधायचा, म्हणजे कापडाकापडातला फरक कळतो. हे माणूस म्हणजे शिलाई खात्यातली मास्तरची बायको. ती कधी रजा घेत नसे, म्हणून तिची निवड झाली होती.

पहिले पंधरा तागे स्वच्छ निघाले. सोळाव्यापासून मोठ्या ठोक्यांच्या मधून एक बारीक, घाईतला ठोका डोकावू लागला. मास्तरनं लेपाची शाई बदलली. भट्टीची आच उतरवली. रूळ घासून घासून आरशासारखे केले. पडद्याचं यंत्रसुद्धा नवं आलं. ठोका मात्र जाईना. उलट दर आठवड्याला जास्तच ठळक होत गेला.

"अहो, तोंड पाडून बसू नका," पट्टा आवळत बायको म्हणाली. "खातं गेलं तर गेलं. घरच्या भिंती रंगवा. अठरा वर्षं सांगतेय."

"तुला थट्टा सुचतेय."

"मग काय गळा काढू? दोन माणसांचं भागायला असं कितीसं लागतं?"

"हलू नकोस. रेघ बिघडते."

"श्वास घेतला तर चालेल?"

तेवढ्यात डॉक्टरबाई आल्या. पट्टे त्यांच्याच इस्पितळासाठी बनत होते. त्या पडद्यासमोर उभ्या राहिल्या. मोठा ठोका, मोठा ठोका, आणि मध्ये तो आगाऊ, बारीक.

साहेब खाकरले. "ते काय आहे, आज जरा विजेचा दाब..."

"विजेचं काही नाही, डॉक्टरबाई," मास्तर म्हणाला. "दोष माझ्या कापडात आहे. महिनाभर झटतोय, निघत नाही. हे पट्टे आजारी माणसांना देऊ नका."

साहेबांनी त्याच्याकडे अत्यंत प्रेमानं पाहिलं. बायकोनं पदराआड त्याचं बोट धरलं आणि घट्ट दाबलं. खातं गेल्यात जमा होतं, हे दोघांनाही कळलं होतं.

डॉक्टरबाईंनी पट्टा चार बोटं खाली सरकवला. बारीक ठोका एकदम मोठा झाला. मास्तरनं मान खाली घातली. बाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे बघत ते ठोके मिनिटभर मोजले.

"कापडात काही दोष नाही," त्या म्हणाल्या आणि मास्तरच्या बायकोकडे वळल्या. "कितवा महिना?"