गुलाबीचं लग्न

“नवरी कोठी हाये?” रघुनाथरावांनी विचारलं.

फेटा बांधून, बायको पंचफुलाबाईंना घेऊन ते बोरगावच्या समाजभवनात पहिल्या रांगेत बसले होते. मागे सारा गाव होता. मंचावर ना नवरी, ना नवरदेव. टेबलावर प्लास्टिकचे चाळीस सापळे, अन् शेजारी डॉक्टर सुचिता, घाम पुसत.

सुचिता कापसावरच्या किडींची संशोधक. गुलाबी बोंडअळीवर तिच्या दोन सभा याच भवनात झाल्या होत्या. पहिलीला नऊ माणसं आली. दुसरीला चार, त्यातली दोन झोपली. मागच्या साली गावातली निम्मी बोंडं अळीनं खाल्ली होती, तरी सापळा लावायला कुणी तयार नव्हतं. या खेपेलाही जमलं नाही, तर सापळे दुसऱ्या गावाला जाणार होते. म्हणून तिनं लग्नपत्रिकाच छापली. वर चि. पतंगराव, मुक्काम कपाशीचं वावर. वधू चि. सौ. कां. गुलाबी, मुक्काम बोंडाच्या आत. लोक वाचतील, हसतील, येतील, असं तिला वाटलं. लोकांनी तारीख, वेळ अन् ठिकाण तेवढं वाचलं.

“नवरी नाही,” सुचिता म्हणाली. “हे लग्न बोंडअळीच्या पतंगाचं आहे.”

“म्हंजे जेवन नाही?” मागून कुणीतरी विचारलं.

खुर्च्या सरकू लागल्या. सुचिताला पाठ केलेल्या भाषणातला एकही शब्द आठवेना. तिनं नुसताच एक सापळा उचलून धरला.

पंचफुलाबाई उठून मंचाजवळ आल्या. “यात काय हाये, बाई?”

“ही रबराची गोळी. हिला मादीचा वास असतो. नर त्या वासानं येतो अन् खालच्या पिशवीत अडकतो. नरच उरला नाही, तर अळी होणार कुठून?”

“मादी आत नसते?”

“नाही. नुसता वास.”

“तरी नर येते?”

“येतो.”

पंचफुलाबाईंनी वळून भवनाकडे पाहिलं. इस्त्रीचे सदरे, ताणून बांधलेले फेटे, सकाळीच केलेल्या दाढ्या.

“चालते हो हा सापळा,” त्या म्हणाल्या. “दिसूनच राहिलं.”

आधी बाया हसल्या. मग एकेक करून माणसं हसली, अन् उठलेली परत बसली. गोळी किती दिवसांनी बदलायची, सापळा किती उंच टांगायचा, लोकांनी सारं खोदून खोदून विचारलं. दुपारपर्यंत टेबल रिकामं झालं होतं.

रघुनाथरावांनी चार सापळे बगलेत मारले अन् फेटा काढून हातात घेतला. “मॅडम, एकडाव फसलो. पुढच्या पत्रिकेले मी काही येत नाही.”

“पतंगबी असंच म्हणत असन,” पंचफुलाबाई म्हणाल्या.