सीनियर सिस्टर

"श्वास आत घे गं मावशी," फ्लेविया सिस्टर तिच्या अंगावरच्या पांढऱ्या गणवेशाला पिना लावत म्हणाली. बारा वर्षं बेडपॅन उचलणारी नलिनी मावशी आज सकाळी दहा वाजता नर्स झाली होती. तिच्यासोबत आणखी तीन आया. मुलुंडच्या त्या नर्सिंग होमच्या परवान्यासाठी आज तपासणी होती. कागदावर दिवसपाळीला पाच नर्स होत्या. सव्वीस खाटांमागे खरी नर्स एकटी फ्लेविया.

महिन्यापूर्वी दोघी होत्या. सलग तिसरी ड्युटी करताना दुसरी नर्स, लविना, जिन्यात कोसळली, पाय मोडला. "माणसं कमी आहेत सिस्टर, सांभाळून घ्यायचं असतं," असं मालक डॉक्टर चंद्रप्रकाश फ्लेवियाला म्हणाले आणि प्लॅस्टर सुकायच्या आत त्यांनी लविनाला कामावरून काढलं. फ्लेवियाने तेव्हा हूं की चूं केलं नाही. पण ते वाक्य तिच्या डोक्यात रोज ठसठसत होतं.

तपासणीच्या मॅडम आल्या. डॉक्टरांनी पाचही जणींना ओळीने उभं केलं.

"सगळ्या ट्रेंड आहेत, मॅडम. आणि या नलिनी सिस्टर, आमच्या सगळ्यात सीनियर."

खोटं बोलावं, पण किती! मॅडमनी मात्र मान डोलावली आणि सहीसाठी पेन काढलं. झालं, सुटला मेला! फ्लेवियाच्या अंगाची लाही लाही झाली. मग ती गोड हसली.

"मॅडम, हातच्या कांकणाला आरसा कशाला? काम बघूनच सही करा ना. डॉक्टरांचा बी-ट्वेल्व्हचा कोर्स चालू आहे. आजचं इंजेक्शन नलिनी सिस्टर देतील."

"आत्ता? नको, नंतर बघू..." डॉक्टरांचा चेहरा उतरला.

"घ्या की," मॅडम म्हणाल्या. "मीही बघते."

फ्लेवियाने ट्रे आणला. डॉक्टरांची बाही तिने स्वतः वर केली, दंडाला कापूस फिरवला. नलिनी मावशीने सिरिंज उचलली. खिळा ठोकायला धरावा तशी तिने ती मुठीत धरली होती. लविना तिलाही लेकीसारखी होती. पोरीच्या पायाचं प्लॅस्टर अजून निघालं नव्हतं.

"हलू नका हां डॉक्टर," मावशी म्हणाली आणि तिने मूठ उगारली.

"अगं थांब! धरा तिला कुणीतरी! आया आहे ती, आया!"

मॅडमनी पेन परत पर्समध्ये टाकलं. "आणि या बाकीच्या तिघी?"

डॉक्टरांनी फ्लेवियाकडे पाहिलं. काहीतरी बोल, असं ते डोळ्यांनीच विनवत होते.

फ्लेवियाने मावशीच्या हातातली सिरिंज काढून ट्रेमध्ये ठेवली. मग डॉक्टरांची बाही हळूच खाली ओढली, बटण लावलं.

"माणसं कमी आहेत सर," ती म्हणाली. "सांभाळून घ्यायचं असतं."