गाळलेली पानं

“वाईट लिहिलंय तुम्ही हे,” रागना म्हणाली आणि तिने कादंबरी सिंद्रेच्या पुढ्यात ठेवली. “माझी साफ निराशा झाली.”

वाचनालयातला दुपारचा कार्यक्रम आटोपला होता. माणसं वॉफल खाऊन, लेखकाची पाठ थोपटून पांगली होती आणि ग्रंथपाल बाई खुर्च्या एकावर एक रचत होत्या. रागना मात्र शेवटपर्यंत थांबली होती, ती भांडायलाच.

ही सिंद्रेची पहिलीच कादंबरी. ईस्टरच्या सुट्टीत डोंगरातल्या लाकडी घरी जायचं, शेगडीपाशी पाय पसरायचे आणि एखादी खुनाची कादंबरी फस्त करायची, हा आम्हा नॉर्वेकरांचा रिवाज. त्या लाटेत पुस्तक खपलंही होतं. पण लोक वर्णनं गाळून वाचतात असं प्रकाशकाचं म्हणणं. दुसऱ्या आवृत्तीत बर्फाची आणि फुलांची सगळी पानं कापायची त्याने ठरवलं होतं, आणि सिंद्रेने उद्या त्याला होकार कळवायचा होता. त्या पानांसाठी आपण किती हिवाळे तळ्याकाठी कुडकुडत काढले, हे प्रकाशकाला कोण सांगणार? एखादा तरी वाचक आपल्या बाजूने बोलेल, या आशेवर तो आज इथे आला होता. आणि भेटली ती ही.

“काय खटकलं? बायको शेवटी सुटते ते? बऱ्याच जणांना ते पटलेलं नाही.”

“छे, ते झकास जमलंय. पोलीस येतात, हळहळतात, कॉफी पिऊन जातात. अगदी तसंच होणार.” रागनाने चष्मा पुसून पुन्हा डोळ्यांवर चढवला. ती गावच्या शाळेची मुख्याध्यापिका होती. निवृत्त झाली तरी आवाज निवृत्त झाला नव्हता. “माझी तक्रार आहे बर्फाबद्दल. गुड फ्रायडेला ती नवऱ्याला गोठलेल्या तळ्यावर मासे धरायला पाठवते. ओढा तळ्याला मिळतो तिथे बर्फ फुटतो आणि तो बुडतो. असंच ना?”

“असंच.”

“साफ चूक. त्याच तळ्याकाठी आमचं सुट्टीतलं घर आहे. यंदा गुड फ्रायडेला अर्नफिन नेमका तिथेच, ओढ्याच्या तोंडाशी, बर्फाला भोक पाडून दिवसभर स्टूल टाकून बसला होता. पाहिलंत ना माझ्या नवऱ्याला?”

पाहिलं होतं. सगळ्यांत जास्त वॉफल त्यानेच खाल्ली होती, तीही तपकिरी चीजचे जाड काप घालून. आता तो बाहेर अंगणात कुणाशी तरी मोठ्याने हसत होता.

“एवढा माणूस बसला, उठला, फेऱ्या मारल्या. बर्फ कुरकुरलासुद्धा नाही. उलट रात्रीच्या जेवणाला मासे घेऊन आला. मुलांनी निबंधात असं ठोकून दिलं असतं ना, तर मी उभी लाल रेघ मारली असती. वाचकाने विश्वास कुणावर ठेवायचा मग?”

सिंद्रेचा जीव एकदम भांड्यात पडला. त्याने खुर्ची पुढे ओढली.

“तिसरं प्रकरण वाचलंत?”

“वाचलं.”

“सगळं?”

रागना जरा चुळबुळली. “थोडं गाळलं. फुलांचं फारच लांबण लावलंय तुम्ही.”

“तिथेच घोटाळा झाला, बाई. माझ्या कादंबरीतला ईस्टर उशिरा येतो, एप्रिल संपता संपता. यंदाचा मार्चमध्येच होऊन गेला. मार्चमध्ये त्या बर्फावरून ट्रॅक्टर जाईल. तारखेवर जायचंच नाही. घोडखुरावर जायचं.”

“ते पिवळं फूल?”

“तेच. पानं फुटायच्या आधी येतं बघा, रस्त्याच्या कडेला. ते फुललं की समजायचं, ओढ्याचं पाणी खालून बर्फ पोखरायला लागलंय. वरून तो होता तसाच जाडजूड दिसतो. जन्मभर तिथे बसणारा माणूसही फसतो. म्हणून तर त्या फुलावर इतकी पानं खर्ची घातली मी.”

रागनाने पुस्तक उघडलं. तिसरं प्रकरण काढून ओळींखाली बोट धरून तिने ती पानं उभ्या उभ्या वाचली. मागे उलटून एक परिच्छेद पुन्हा वाचला. असा वाचक सिंद्रेला आजवर लाभला नव्हता. त्याचं मन भरून आलं.

“तुमची काही चूक नाही,” ती अखेर म्हणाली. “मीच घाईघाईने वाचलं. ही पानं कधी गाळू नका हं. खरं पुस्तक यांतच आहे.”

उद्या प्रकाशकाला ठाम नकार द्यायचा, हे सिंद्रेने तिथल्या तिथे ठरवलं. पहिल्या पानावर त्याने ऐटीत लिहिलं, ‘मन लावून वाचणाऱ्या रागनाला’, आणि खाली सही ठोकली.

तेवढ्यात अर्नफिन आत आला. “मिटलं का भांडण? कोण हरलं?”

“मी,” रागना म्हणाली.

“लेखकमहाशय, पाया पडतो तुमच्या. लग्नाला एवढी वर्षं झाली, हा शब्द मी काही ऐकला नव्हता.” अर्नफिन पोट धरून हसला.

रागनाचं लक्ष त्याच्या टोपीकडे होतं. टोपीच्या पट्टीत एक पिवळं फूल खोवलेलं होतं.

“हे कुठलं?”

“आपल्या तळ्याच्या वाटेवरचं. सकाळी लाकडं आणायला गेलो होतो ना, तेव्हा तोडलं. सगळी वाट पिवळीधमक झालीय. तळ्यावर बर्फ मात्र अजून तसाच आहे, चांगला जाडजूड.”

रागनाने ते फूल अलगद काढून तिसऱ्या प्रकरणात ठेवलं आणि पुस्तक मिटलं. मग नवऱ्याच्या कोटाची वरची गुंडी तिने नीट लावली.

“अजून बराच उजेड आहे, अर्नफिन,” ती मायेने म्हणाली. “जातोस का मासे धरायला?”