सुंदराच्या साहेबाची इंग्रजी

"परत म्हना," सुंदरा म्हणाली.

"सिट डाऊन," सहदेव म्हणाला आणि स्वतःच पायरीवर बसला.

सकाळपासून तो माथेरानच्या चढावर रिक्षा ओढत होता. छाती भात्यासारखी वाजत होती. या हंगामात आता रिक्षा ओढवणार नाही, हे त्याला कळून चुकलं होतं. हॉटेलात वेटरची जागा रिकामी होती, पण इंग्रजी येणाऱ्यालाच. म्हणून रोज दुपारी सुंदराचा साहेब निजला, की तो बायको कामाला असलेल्या बंगल्यामागे येऊन शिकत बसे.

"तुला कुनी शिकवलं गं?"

"शिकवतंय कोन? मडम सायबाशी बोलते, ते ऐकून ऐकून. माझा सायब लई हट्टी. जेवायच्या वक्ताला फेकाफेक करतो. पन एवढं म्हटलं, की गुमान ऐकतो."

"अन् हात उगारला तर?"

"मला काय कमी मारतो? मनावर घ्यायचं नाय."

सहदेवने मान हलवली. असल्या साहेबाकडे ती राबते, याचं वाईट वाटायलाही अंगात त्राण नव्हतं.

चार दिवसांनी हॉटेलचे मॅनेजर अण्णा यांनी त्याच्या अंगात आखूड पांढरा कोट चढवला आणि हातात सुपाचा वाडगा दिला.

"कोपऱ्यातल्या खोलीत ने. मुलगा लढाईत मारला गेल्याची तार आल्यापासून म्हातारा साहेब काही खात नाही. काल या लडकूला ताट फेकून मारलं. तुझ्या हातून सूप पोटात गेलं, तर कोट तुझा. नाहीतर रिक्षा आहेच."

"जा रं, लाटसायब," जुना वेटर लडकू दात काढून म्हणाला.

सहदेव आत शिरला. पहिला पाव त्याच्या कानावरून गेला. त्याने तो मनावर घेतला नाही.

"नो, नो. सिट डाऊन," तो हळूच म्हणाला. साहेब बसला. सहदेवने फडकं त्याच्या गळ्याशी बांधलं, चमचा फुंकून पुढे धरला. "ओपन युवर माऊथ, बेबी. गुड बॉय."

दाराआड लडकू फिसकन हसला. अण्णांनी आत येऊन सहदेवला दंडाला धरून बाहेर ओढलं.

"गाढवा! ही कुणाची इंग्रजी?"

"बायकोच्या सायबाची."

"केवढा आहे तो साहेब?"

"होळीला दोन वर्सांचा झाला."

लडकू पोट धरून खालीच बसला. अण्णांनी कोटासाठी हात पुढे केला. सहदेव जड बोटांनी बटणं सोडू लागला.

आत खुर्ची करकरली. तिघांनी वळून पाहिलं. गळ्याशी फडकं तसंच बांधलेला म्हातारा साहेब दाराकडे बघत होता, तोंड उघडून.