मास्तरांचा खोकला

किडनी बदललेल्यांची तपासणी असली की हॉस्पिटलच्या बाहेरच्या खोलीत संमेलनच भरायचं. नवी किडनी टिकावी म्हणून औषधांनी सगळ्यांची प्रतिकारशक्ती मुद्दाम मारलेली, तरी जुने पेशंट मास्क हनुवटीवर ओढून नव्यांना धीर देत. ती तिथे नवऱ्याला घेऊन यायची; त्याला तिचीच किडनी बसवली होती. त्याला धीर दिला तो निवृत्त मास्तरांनी. बोलता बोलता ते दोनदा कोरडं खोकायचे आणि हात हलवून म्हणायचे, "हं, चालू द्या."

पुढच्या तपासणीला मास्तर दिसले नाहीत.

"फुप्फुसात बुरशी झाली," सिस्टर म्हणाली. "गेले."

तेवढ्यात मास्तरांशेजारी बसणारा, किडनी बदललेलाच एक ड्रायव्हर दोनदा कोरडं खोकला. त्याने हात हलवला. "हं, चालू द्या," तो म्हणाला, आणि आवाज मास्तरांचा होता.

कुणी मानही वर केली नाही. तिने मात्र तो आवाज ओळखला आणि नवऱ्याचा दंड धरला.

"अहो, उठा. आपण तिकडे बसू."

"काहीतरीच तुझं! माणूस प्रेमाने बोलतोय." नवऱ्याने मास्क खाली ओढला आणि खुर्ची ड्रायव्हरजवळ सरकवली.

महिनाभरात ड्रायव्हरही गेला.

आज दुपारी नवरा जेवून आडवा झाला होता. ती कपड्यांच्या घड्या घालत असताना मागे कुणीतरी दोनदा कोरडं खोकलं. तिने वळून पाहिलं. नवरा गाढ झोपेत होता, ओठ घट्ट मिटलेले.

तिने वाकून त्याच्या छातीला कान लावला. आत आधी ड्रायव्हर खोकला. मग कुणीतरी खुर्ची सरकवून जागा केली, आणि अगदी तिच्या कानाशी मास्तर म्हणाले, "हं, चालू द्या."