उत्तर सुचवायचं नाही

एका संशोधनासाठी ती घरोघरी जाऊन आयांच्या मुलाखती घ्यायची. सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, "उत्तर समोरच्याच्या तोंडी घालायचं नाही. प्रश्न विचारायचा, गप्प बसायचं आणि येईल ते उत्तर मान्य करायचं."

बाहेर ती हे काटेकोर पाळायची. घरी मात्र "आई म्हण रे, आ-ई!" करत पिल्लाच्या मागे हात धुऊन लागायची, आणि ते पठ्ठं दिवसभर सांभाळणाऱ्या आजीलाच "जीजी, जीजी" हाका मारायचं.

आज तिनं ठरवलंच. घरात आल्या आल्या, खांद्यावरची बॅगही न उतरवता, ती त्याच्यासमोर मांडी घालून बसली.

"सांग बाळा, मी कोण?"

"म्हण रे आई! नाहीतर आज हिला घास जायचा नाही," सासूबाई स्वयंपाकघरातून ओरडल्या.

"अहो, सुचवू नका ना! त्याचं त्यालाच सांगू दे."

ती श्वास रोखून थांबली. पिल्लानं तिचा चेहरा न्याहाळला, मग खांद्यावरची बॅग न्याहाळली आणि ओळख पटल्यासारखं खुदकन हसलं.



मग इवलासा हात हलवत म्हणालं, "टाटा!"